कुठे दुखतंय?

परवा शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. केसपेपर काढला आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. आमच्या पुढे एक आजी होत्या, अक्कलकोटच्या बाजूच्या असाव्यात. अंगावर इरकल, हातात जुन्या गोळ्यांची पिशवी. टेबलापाशी त्यांना दोनदा विचारून झालं, काय होतंय? आजी नुसत्या बघत राहिल्या. मराठी समजत नव्हतं, आणि ते सांगायलाही मराठीच लागलं असतं. तेवढ्यात आतून सिस्टर आल्या. खाली वाकल्या, आजींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "येल्ली नोवु, अज्जी?" कुठे दुखतंय, आजी? एवढंच. आजींचा चेहरा खुलला. मग गुडघा, कंबर, रात्रीची झोप, सगळं बाहेर येऊ लागलं. सिस्टर मूळच्या बार्शीच्या. त्यातलं निम्मं तरी त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. पण आजींना बोलायला जागा मिळाली होती. घरी येताना सोलापूरच्या भैय्या चौकावरून आलो. तिथे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आहे. आता ते स्मारक झालंय. एरवी मी तिथून घाईघाईनं जाते. त्या दिवशी पाऊल आपोआप थांबलं.

कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910 चा. मुंबईत डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. तेव्हा जपाननं चीनवर आक्रमण केलेलं होतं आणि तिथे जखमींना डॉक्टर मिळत नव्हते. चीनकडून मदतीची विनंती आली आणि काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. त्यात अटल होते, नागपूरचे चोळकर होते, बसू आणि मुखर्जी होते, आणि सत्तावीस वर्षांचे आपले कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 ला त्यांची बोट मुंबईहून निघाली. ते शस्त्रक्रिया शिकून गेले होते, चिनी शिकून नव्हे. ती भाषा आपल्या कानाला किती अवघड! 'मा' हा एकच उच्चार घ्या. आवाज वर सपाट ठेवला तर आई. खाली नेऊन परत वर आणला तर घोडा. झटक्यानं खाली आणला तर रागावणं. अशी भाषा त्यांनी खेड्यापाड्यांत, जखमींच्या उशाशी बसून आपलीशी केली. पुढे त्यांचे चिनी विद्यार्थी त्यांच्याकडून वैद्यक शिकले, तेही चिनी भाषेतच. 1941 साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देश एका बाळाच्या हाकेत आले. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, 9 डिसेंबर 1942 ला, कोटणीस गेले. वय फक्त बत्तीस. बाकीचे चौघे मायदेशी परतले, ते मात्र तिथल्याच मातीत राहिले. चिनी भाषेत कुठे दुखतंय याला 'नाली थंग' म्हणतात. हा प्रश्न त्यांनी किती जणांना विचारला असेल, याचा विचार करत मी तिथे उभी होते.

कोटणीसांसारखी परक्या मुलखात सेवेला जाणारी माणसं आजही आहेत. हल्ली काही मुलं बारावीनंतर किंवा पदवीनंतर एक वर्ष मोकळं ठेवतात. परदेशात कुठे शाळेत शिकवतात, कुठे दवाखान्यात हातभार लावतात, जोडीला तिथली भाषा शिकतात. गॅप इयर म्हणतात त्याला. आपल्या घरातल्या वडीलमाणसांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. सेवेला जाणाऱ्या माणसाच्या मनात नकळत एक गोष्ट असते, की मी काहीतरी द्यायला चाललोय. भाषा मात्र पहिल्याच दिवशी त्याला हात पुढे करायला लावते. पाण्याला काय म्हणतात? मिठाला काय म्हणतात? हे त्याला विचारावंच लागतं, आणि ज्यांना मदत करायला गेला तेच त्याला शिकवतात. एखादं सहा वर्षांचं पोर त्याचा उच्चार सुधारतं, हसतं, पुन्हा म्हणायला लावतं. तिथे देणारा आणि घेणारा एका पातळीवर बसतात. जखमी माणसाला डॉक्टरकडून टाके हवेत, हे तर खरंच. पण त्या डॉक्टरला आपल्याकडूनही काही हवंय, आपली बोली हवी आहे, हे कळल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही मान थोडी वर होत असेल. मला तरी सेवेतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि त्यासाठी बोटीत बसावं लागत नाही. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, पुढच्या वळणावर कन्नड, पूर्व भागात मागांच्या आवाजाबरोबर तेलुगू, बाजारात दख्खनी. माझ्या शेजारच्या काकू तेलुगू. बारा वर्षं आमची वाटीची देवाणघेवाण आहे. त्यांनी माझ्यासाठी मराठी शिकून घेतलं. मी मात्र 'बागुन्नारा', म्हणजे बऱ्या आहात ना, याच्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी चौकातून पुढे रिक्षात मी त्यांना विचारलं, दुखणं याला तुमच्यात काय म्हणतात? "नोप्पी," त्या म्हणाल्या, आणि मग घरापर्यंत गुडघा, पाठ, डोकं, सगळ्यांची नावं सांगत राहिल्या. इतक्या मोकळेपणानं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून रोज एक शब्द मागायचा, असं मी ठरवलंय. भाजीवाल्या मावशींकडे, वॉचमनकाकांकडे, कुणाकडेही. कामावर जाता जाता अर्ध्या मिनिटाचं काम. दवाखान्यातलं एक सांगायचं राहिलं. निघताना त्या आजींना गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, हे सिस्टर सांगत होत्या. जेवणाला त्या 'ऊट' म्हणाल्या. आजी थांबल्या, मान हलवली आणि शेवटचा स्वर नीट ओढून म्हणाल्या, "ऊटाऽ." सिस्टरनी तसंच म्हणून दाखवलं. आजींनी आणखी एकदा म्हणायला लावलं. मग समाधानानं पिशवी उचलली. सिस्टरनी खिशातून छोटी वही काढली आणि बाकी रांग उभी असतानाच तो शब्द लिहून घेतला.