भरपाई कोणाला?



वेलंकनीच्या यात्रेहून परतताना आपली बस चिदंबरमजवळ पिचावरमला थांबली. तिथे सुमारे १,१०० हेक्टरांवर तिवरांचे जंगल आहे. ज्येष्ठ मंडळी वल्ह्याच्या होडीत बसली, तरुणांनी कयाक घेतले. कयाक म्हणजे एकट्यादुकट्याची निमुळती होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते. माणूस जवळजवळ पाण्यातच बसलेला असतो, म्हणून फांद्यांच्या बोगद्यातून जाताना मुळे डोळ्यांसमोर येतात. कांदळाची कमानीसारखी, तिवराची चिखलातून बोटांसारखी वर आलेली.

एकाने (नाव सांगत नाही) विचारले, "फादर, हे तर आपल्या खाडीतलंच झाड. ते बघायला एवढ्या लांब आलो?" सगळे हसले. मला मात्र ते लागले.

ब्रिटिश काळापासून या जंगलाचे पट्टे पाडून ते आळीपाळीने सरसकट तोडले जाई. आपोआप उगवेल, असा समज होता. पण उघडी पडलेली माती सुकून खचली, बशीसारखे खळगे झाले. भरतीचे पाणी आत अडकून आटू लागले आणि मीठ साचले. अशा जमिनीत नुसते रोप लावून ते जगत नाही. १९९० च्या दशकात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखाते व गावकऱ्यांना घेऊन माशाच्या काट्यासारखे चर खणले. पाणी ये-जा करू लागले, मीठ धुतले गेले, मग रोपे जगली.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. वेलंकनीच्या किनाऱ्यावर नाताळासाठी आलेले शेकडो यात्रेकरू वाहून गेले. पिचावरमला तिवरांआडच्या वस्त्यांत हानी कमी झाली, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

आता प्रश्न असा: तोडणारे एक, चर खणणारे दुसरे. मग ही भरपाई म्हणायची का? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते भरपाई हा दयेचा नव्हे, न्यायाचा भाग आहे. ज्याचे घेतले त्यालाच ते परत जायला हवे. पिचावरमला इरुळा लोक पाण्यात हाताने चाचपून कोळंबी धरतात. जंगल परतले ते त्यांच्याच दारात. म्हणून मी तिला खरी भरपाई म्हणतो. उलट आपल्याकडे ऐकू येते, "इथली तिवरे जाऊ द्या, दुसरीकडे तेवढीच लावू." झाडांचा हिशेब जुळतो, पण जिची चिंबोरी गेली त्या बाईच्या पाटीत काय पडते?

लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. तरी ज्यांना फसवले त्यांचे चौपट त्याने वेगळे धरले. दान एक, देणे दुसरे. आपण मात्र भरणी करून विकलेल्या जागेच्या पैशातून सणाला देणगी देतो, आणि मीही न विचारता पावती फाडतो.

नष्ट झालेली तिवरे पूर्ववत करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शासनाला दिला. शासन करील तेव्हा करील. आपल्या बांधावरची मोरी राडारोड्याने बुजली आहे आणि पलीकडची तिवरे वाळत आहेत. राडारोडा कोणाचा, हे मी जाऊन पाहिले. त्यात आपल्या जुन्या धर्मगुरू निवासाच्या विटा आहेत.

मोरी मोकळी करण्याची परवानगी मिळाली आहे. पुढच्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपल्यावर ओहोटी आहे. मी फावडे घेऊन तिथे असेन.

तुमचा,
फादर