वादळाचे एकत्व

अवयवांहून निराळा असा अवयवी, म्हणजे घटकांपलीकडे स्वतंत्र अस्तित्व असलेला पदार्थ, मानावा की नाही, यावर नैयायिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके वाद झाला. पण त्यांची नेहमीची उदाहरणे घट, पट आणि रथ अशी, बराच काळ टिकणाऱ्या वस्तूंची होती. गडगडाटी वादळ हे त्याहून अवघड उदाहरण आहे. (मेघदूताच्या आरंभी कालिदास मेघाला धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा नुसता मेळ म्हणतो; त्याला निरोप्या हवा असल्यामुळे तो या विचारात फार वेळ घालवत नाही.)

१९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत केलेल्या निरीक्षणांवरून होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी वादळाच्या एका कोशाच्या, म्हणजे हवेच्या एका चढत्या प्रवाहाभोवती बांधलेल्या ढगाच्या, तीन अवस्था सांगितल्या. तापलेली दमट हवा वर चढते, बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते आणि ढग वाढतो. मग थेंब व गारा जड होऊन कोसळू लागतात, आपल्याबरोबर हवेला खाली ओढतात आणि बाष्पीभवनाने तिला थंड करतात. शेवटी हीच थंड हवा जमिनीवर पसरून चढत्या प्रवाहाचा पुरवठा तोडते. महाराष्ट्रातील वळवाच्या सरी पुष्कळदा तासाभरात आटोपतात त्या याच कारणाने: ढगाला त्याचा पाऊसच संपवतो.

उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असेल, तर मात्र पसरणाऱ्या थंड हवेच्या कडेवर नवी दमट हवा उचलली जाऊन शेजारी दुसरा कोश जन्मतो, त्यानंतर तिसरा. असे बहुकोशीय वादळ कित्येक तास चालते, पण त्यातील एकही कोश तितका जगत नाही. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या ज्योतीविषयी जे म्हणतो, की पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकही नव्हे आणि वेगळीही नव्हे, ते येथे जवळजवळ अक्षरशः लागू पडते. बौद्धांच्या संतान या कल्पनेला, म्हणजे क्षणांच्या अखंड परंपरेला, याहून चांगला दृष्टान्त मिळणे कठीण.

महाकोशाची, म्हणजे एकाच प्रचंड कोशाच्या वादळाची, गोष्ट निराळी. ९ जुलै १९५९ रोजी इंग्लंडमधील वोकिंगहॅम परिसरावरून गेलेल्या वादळाच्या अभ्यासातून किथ ब्राउनिंग आणि फ्रँक लडलम यांनी दाखवले की तिरका चढता प्रवाह आणि पडणारा पाऊस एकमेकांच्या वाटेत न येता शेजारी नांदू शकतात. अशा वादळात चढता प्रवाह स्वतःभोवती फिरत राहतो आणि रचना तासन्‌तास टिकते, तिच्यातून जाणारी हवा मात्र सतत बदलते. येथे अवयवी आहे असे म्हणावेसे वाटते, परंतु अवयवी मानणाऱ्या वैशेषिकांच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो, त्यामुळे त्यांचा आधार निरुपयोगी ठरतो; जैनांचे ध्रौव्य, म्हणजे बदलातही टिकणारा अंश, द्रव्याचे असते, आणि येथे द्रव्य जाते व आकार उरतो.

त्यातच काही महाकोश दुभंगतात, आणि एक भाग वाऱ्याच्या उजवीकडे, दुसरा डावीकडे सरकू लागतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याचे नागसेनाचे उदाहरण येथे आठवते खरे, परंतु त्यात पहिला दिवा कोणता हे कोणालाही ओळखता येते.