तकदीर आणि फुटलेला तलाव

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हा हिमनदीच्या मुखाशी साठलेला तलाव फुटला. काठावरचा गोठलेला कडा पाण्यात कोसळला, प्रचंड लाट उसळली आणि खाली चुंगथांगचे धरण वाहून गेले. तिस्तेच्या खोऱ्यात पन्नासहून अधिक माणसे दगावली. कित्येकांचा पत्ताच लागला नाही. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघते, ‘तकदीरमध्ये होते ते झाले.’ या वाक्याचा ईमानाशी नेमका संबंध काय?

हा तलाव एका रात्रीत जन्मला नव्हता. उष्णता वाढते तशी हिमनदी मागे हटते आणि तिनेच लोटून आणलेल्या दगडमातीच्या कच्च्या बांधामागे वितळलेले पाणी साठत जाते. पन्नास वर्षांपूर्वीचे हे तळे २०२३ पर्यंत दीड चौरस किलोमीटरहून मोठे झाले होते. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच धोका सांगितला होता. २०१६ मध्ये नळ टाकून थोडे पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला. तरीही खाली १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प सुरू झाला आणि पूर्वसूचनेची यंत्रणा त्या रात्रीपर्यंत अपुरीच राहिली.

हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता पुढे प्लेग असल्याचे कळले, हा प्रसंग वाचकांना ठाऊक असेलच. ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय?’ अशा आशयाचा प्रश्न हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी केला. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे उत्तराचे तात्पर्य होते. कोरोनाच्या दिवसांत ही कथा पुष्कळ सांगितली गेली, पण तिची एक बाजू दुर्लक्षितच राहिली. परत फिरण्याचा सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, सोबतच्या लोकांना साथीच्या तोंडी नेऊ नये. उमर (रजि.) केवळ स्वतःचा जीव राखत नव्हते, त्यांच्याकडे इतरांच्या जिवांची अमानत होती. धोक्याची बातमी कळणे हीदेखील तकदीरच, आणि ती ज्याला कळली त्याच्यावर जबाबदारी येते.

म्हणून तेच वाक्य दोन तोंडी दोन अर्थांचे होते. घरदार गमावलेली आई ‘अल्लाहची मर्जी’ म्हणते तेव्हा तो सबर असतो. इशारा फायलीत ठेवून देणारा अधिकारी तेच म्हणतो तेव्हा ती पळवाट असते. तिस्तेकाठचे लेपचा असोत, भुतिया असोत की पुढे बांगलादेशातील रंगपूरचे मुसलमान, हक्कुल इबादच्या हिशेबात सर्वांची गणना होते.

चुंगथांगला आधीपेक्षा बरेच उंच, काँक्रीटचे धरण बांधण्यास केंद्राच्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२५ मध्ये अनुकूलता दर्शवली. विजेची गरज कोणी नाकारत नाही. पण वरचा तलाव आटलेला नाही आणि हिमनदी मागे हटतेच आहे. उमर (रजि.) यांनी निर्णयापूर्वी आधी मुहाजिर, मग अन्सार, मग कुरैशचे वडीलधारे यांना बोलावून विचारले होते. खालच्या गावांतील माणसांना या वेळी कोण बोलावणार, आणि केव्हा?