संख्या आणि वाण

अधिक म्हणजे चांगले, हा समज लोकव्यवहारात आणि शासनव्यवहारात इतका मुरला आहे की त्याची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. किती लाख मत्स्यबीज सोडले, किती टन उत्पादन निघाले, हे आकडे अहवालात आले की कार्य सिद्धीस गेले. नदीच्या बाबतीत हा हिशेब पुरेसा आहे काय, हा प्रश्न आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

वास्कोसारख्या बंदराच्या गावी मासळी म्हणजे समुद्राची. गोड्या पाण्यातील माशांची आठवण होते ती पेडणे-डिचोलीकडे, पहिल्या मोठ्या पावसात. तेव्हा चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून आणि शेतांतल्या पाण्यातून प्रवाहाविरुद्ध वर जातात. कोणत्या पाण्याला चढावे, उन्हाळा डोहात कसा काढावा, हे त्यांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले असते. एका खोऱ्यातील मासा शेजारच्या खोऱ्यातील आपल्याच जातीच्या माशाहून यात वेगळा असू शकतो. हे वेगळेपण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते हिशेबातही येत नाही.

१९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन घडवून आणले. मत्स्यशेतीला नदीतील बीजाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हे उपकार मोठे आहेत. परंतु एक मादी लक्षावधी अंडी देते, त्यामुळे मोजक्या जोड्यांवर काम भागते आणि तळी भावंडांनीच भरतात. एखादा रोग आला की सगळीच त्याला सारखी बळी पडण्याची भीती असते. याउलट १९९२ पासून भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने ‘जयंती’ रोहूचा सुधारित वाण घडविण्यास घेतला, तेव्हा गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या ५ नद्यांतील रोहू आणावे लागले. तळ्याची भरभराट अखेर नदीच्या शिलकीवर उभी असते.

ही शिलक सद्हेतूनेही खर्ची पडू शकते. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे निळ्या परांच्या महसीराचे प्रजनन सुरू केले. १८३९ साली सायक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला हा मासा वाचविणे हा त्यामागील हेतू, आणि तो निःसंशय स्तुत्य होता. पुढे हे बीज कावेरीतही सोडले गेले. तेथे कावेरीचाच एक कुबडाचा महसीर होता, ५० किलोंहून अधिक वाढणारा. गळाने मासे धरणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की पाहुणा वाढत गेला आणि घरचा घटत गेला; उरलेले मासे आकाराने मोठे, म्हणजे नवी पिढी येत नव्हती. या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये ‘टोर रेमादेवी’ अशी पटली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ओळख पटली तेव्हा निरोपाची वेळ जवळ आली होती.

येथे कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. संख्येच्या मापाने पाहता नदीत महसीर वाढलेच होते. माप चुकीचे असेल तर प्रामाणिक माणसाचाही हिशेब चुकतो. ज्या जिवाला आपण अद्याप नाव दिले नाही, त्याच्याविषयीही आपले काही कर्तव्य असते. मालकाला आपली वस्तू बदलता येते. विश्वस्ताला मात्र सोपविलेले तसेच पुढे द्यावे लागते. नदीच्या बाबतीत आपण दुसऱ्या वर्गात मोडतो, असे आम्ही मानतो.

म्हणून मत्स्यशेती अवश्य वाढावी, पण ती पावसात न फुटणाऱ्या, नदीपासून तुटक अशा तळ्यांत. नदीत बीज सोडणे अटळच असेल, तर त्याचे आईबाप त्याच नदीचे आणि संख्येने पुष्कळ असावेत. अंड्यांवर आलेल्या माशाला चढणीची वाट मोकळी मिळावी. शापोरा किंवा वाळवंटीच्या पात्रात उद्या कोणी बोटुकली सोडू लागले, तर ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कोणाची’ हा प्रश्न विचारला जावा. त्याचे उत्तर कागदावर नसेल, तर ती टोपली परत न्यावी.