चोवीस गुरू आणि प्रापंचिक माणूस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दत्तमंदिरांत सप्ताह बसतो, गुरुचरित्राची पारायणे सुरू होतात आणि कीर्तनात एकदा तरी अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येतेच. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी इथपासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत. आपण माना डोलावतो, प्रसाद घेतो, घरी येतो. पण मला एक प्रश्न बरीच वर्षे सतावत होता. हे गुरू करणाऱ्या अवधूताला ना घर, ना दार. मग नातवंडे, औषधांचा डबा आणि विजेचे बिल पाठीशी असलेल्या माणसाने या गुरूंकडून नेमके काय घ्यायचे?

ही कथा श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सात ते नऊ या अध्यायांत आहे. यदुराजा एका तरुण अवधूताला विचारतो, की सगळे जग कामलोभाच्या वणव्यात होरपळत असताना तू एवढा शांत कसा? हा अवधूत म्हणजेच दत्तप्रभू, असे आपली परंपरा मानते. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. म्हणजे ज्यांनी हे चोवीस गुरू मराठीत आणले, ते स्वतः बायकामुलांत राहणारे गृहस्थ होते. हे लक्षात आले तेव्हा मला फार धीर वाटला.

अवधूत म्हणतो, हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले. 'बुद्धीने' हा शब्द महत्त्वाचा आहे. अजगर मिळेल त्यात समाधान मानतो, असे अवधूताने पाहिले. तोच अजगर पाहून आळशी माणूस म्हणेल, "बघा, मीही तसाच!" मधमाशीकडून तर अवधूताने दोन उलट गोष्टी घेतल्या. फुलाला न दुखवता थोडे थोडे घ्यावे, हे तिचे घ्यायचे. साठवून ठेवू नये, हे तिचे टाकायचे. साठवलेला मध शेवटी दुसराच घेऊन जातो. बँकेत सदतीस वर्षे काढल्यावर हे मला कुणी समजावून सांगायला नको. दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला पैसा, आणि घरच्यांना पावतीचा पत्ताही नाही! (वारस नोंदवला नसेल, तर या पौर्णिमेच्या आत नोंदवून टाका.)

पण चोविसांतला सर्वांत अवघड गुरू कपोत. रानात कबुतराच्या जोडप्याने घरटे बांधले, पिले झाली. दोघे चारा आणायला गेली असता पिले पारध्याच्या जाळ्यात सापडली. आई आक्रोश करत जाळ्यात शिरली आणि तिच्यामागून बापही.

सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. दहाव्या दिवशी समाचाराला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "मोह सोडा आता. कपोताची गोष्ट आठवा." त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ते शब्द आत कुठेतरी रुतून बसले. चौतीस वर्षांचा संसार हा काय नुसता मोह होता? तिने माझी, माझ्या आईवडिलांची जी सेवा केली, ती काय चूक होती?

नंतर पोथी पुन्हा उघडली. भागवतात तिथे शब्द आहे 'अतिस्नेह'. स्नेह करू नये असे म्हटलेले नाही. कपोताची माया खोटी नव्हती. पण दुःख कोसळले तेव्हा उभे राहायला त्याच्याकडे दुसरी जागाच उरली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अवधूताने हा धडा स्वतःसाठी घेतला. जाळ्याजवळ जाऊन त्या पक्ष्याला काही तो ऐकवला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा वाडीच्या आसपासची गावेच्या गावे पाण्यात होती. पाणी हाही चोविसांतला गुरूच. पण ज्याचे घर वाहून गेले, त्याला पाण्याचे तत्त्वज्ञान सांगायचे नसते. त्याला भाकरी द्यायची असते.

मला मार्ग दाखवला तो कुमारीने. घरी पाहुणे आलेले, घरातली माणसे बाहेर गेलेली. मुलगी एकटी आत साळी कांडायला बसली. हातातली कांकणे वाजू लागली, तशी तिने ती उतरवली. दोन दोन ठेवली, तरी आवाज होईना का! मग एकेकच ठेवले. या कथेतून एकांत शिकावा असे सांगतात, ते बरोबरच आहे. पण ती मुलगी घर सोडून गेली नाही, हेही पाहावे. कांडण तिने चालूच ठेवले, कारण पाहुणे जेवायचे होते. तिने फक्त आवाज कमी केला.

त्या वेळी घरात माझी आई होती, नव्वदीच्या पुढची. दात नव्हते. तिच्यासाठी मऊ भात आणि पातळ वरण करायला मी शिकलो. पहिले काही दिवस मनात नुसता कालवा असायचा. हे माझ्याच वाट्याला का, पुढे कसे व्हायचे? हळूहळू एकेक कांकण उतरले. तांदूळ धुताना फक्त तांदूळ धुवायचे, एवढे जमू लागले. आई पुढे दोन वर्षे होती. त्या भाताच्या वाफेत मला जे मिळाले, ते कित्येक पारायणांत मिळाले नव्हते.

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो, माझा हा देहही माझा गुरूच. आपल्या वयाला हा गुरू रोज सकाळी उठवून शिकवतो. गुडघे मांडी घालू देत नाहीत, पारायण खुर्चीत बसून करावे लागते. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या आता स्वप्नातच. मधमाशीसारखाच देहही दोन गोष्टी सांगतो. मी तुझा नाही, परत द्यायचा आहे. आणि आहे तोवर मला कामाला लाव.

तेव्हा दत्तभक्तहो, प्रापंचिकाने घर सोडायचे नाही, माया आटवायची नाही. समोरचे काम हातात धरावे आणि कांकणांचा आवाज कमी करावा. दुसऱ्याच्या दुःखात धडा सांगू नये, पाण्याचा तांब्या पुढे करावा. एवढे तरी महाराजांनी सर्वांकडून करवून घ्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!