लव्हाळ्याचा पेटारा

शंका : घरच्या प्रार्थनेत निर्गमाचा दुसरा अध्याय वाचला. आईने बाळ मोशेला लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात घालून नदीत सोडलं, हे ऐकून सासरे म्हणाले, "सोयाबीनात माजतो त्या वीतभर लव्हाळ्याचा पेटारा होतो कुठं?" मुलं हसली. शास्त्रातला शब्द चुकला म्हणणं पाप आहे का? वाचताना मी तो बदलावा का?
— एक भगिनी, मानोरा

समाधान : ताई, पाप मुळीच नाही. सासऱ्यांनी मन लावून ऐकलं, म्हणूनच ही शंका आली. ज्यानं निंदण केलंय त्याला लव्हाळा पुरता ठाऊक असतो : पातं हाती येतं, गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा कोंब फुटतो. त्याचा पेटारा होणार नाही, हे खरंच.

मूळ हिब्रूत तिथे 'गोमे' आहे, म्हणजे पपायरस. नाईलच्या दलदलीत तो दोन पुरुष उंच वाढतो. मिसरी लोक त्याच्या मोळ्या आवळून होड्या बांधत. यशयाच्या 18व्या अध्यायात गोमेच्या होड्या आल्या आहेत. इथिओपियातल्या ताना सरोवरावर तशा होड्या अजून चालतात. डांबर-राळ चोपडलेल्या पेटाऱ्याला तान्ह्या बाळाचं ओझं ते काय! आणि वनस्पतिशास्त्रात पपायरस व आपला लव्हाळा दोघेही 'सायपरस' वंशातले. लव्हाळ्याचा फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहा, तिधारी लागेल, पपायरसचाही तसाच. इथे न उगवणाऱ्या झाडाला अनुवादकांनी त्याच्या भाऊबंदाचं नाव दिलं. मला ते पटतं.

आणखी एक. आईने पेटारा धारेला सोडला नाही, काठच्या पाणगवतात ठेवला. त्या गवताला हिब्रूत 'सूफ' म्हणतात. योनाच्या डोक्याला समुद्रात गुंडाळलेलं शेवाळही सूफच, आणि आपण ज्याला तांबडा समुद्र म्हणतो तो हिब्रूत 'याम सूफ'. 'तांबडा' हे नाव जुन्या ग्रीक भाषांतरातून आलं. बाळ वाहून जाऊ नये, दिसू नये आणि बहिणीच्या नजरेआड होऊ नये, एवढं सारं त्या माउलीनं ती जागा निवडताना पाहिलं होतं.

शब्दाची शंका घेणं अश्रद्धा असती, तर केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल नव्याने मराठीत आणलंच नसतं. त्या 1922 साली गेल्या. ग्रंथ 1924 साली निघाला.

वाचताना शब्द बदलू नका. छापलंय तसं वाचा, मग थांबून गोमे काय ते सांगा. आणि पुढच्या वेळी सासऱ्यांनाच बांधावरचा एक लव्हाळा उपटून आणायला सांगा. मुलांना तो दांडा तेच दाखवतील.