मंगलाष्टकं म्हणणारा ट्रान्स्फॉर्मर

मेहकर

चि. पोरी,


तू पाठवलेले फोटो तुझ्या आत्याने फोनवर मोठे करून दाखवले. जुन्या बाजारातून रेडिओग्रामचा सांगाडा उचललास आणि प्लगमध्ये पिन घालायच्या आधी मला विचारलंस, हे फार बरं केलंस. ईएल-84 ची काच वर चंदेरी दिसते आहे, म्हणजे वॉल्वमध्ये हवा शिरलेली नाही. ती पांढरी पडली असती तर पुढचं पत्र लिहायचं कारणच नव्हतं.

तुझ्याकडे आठ ओहमचे दोन स्पीकर, त्यातला एक मीटरवर 6.4 दाखवतो, म्हणून दुकानदाराने फसवलं असं म्हणतेस. त्याला शिव्या देऊ नकोस. मीटर बॅटरीवर मोजतो, म्हणजे कॉइलच्या तारेचा नुसता रोध. आठचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहाच दाखवणार, चारचा तीन-साडेतीन. पाठीवर छापलेला आकडा गाणं चालू असतानाचा, आणि तोही ठोकताळ्याचा. खर्जातल्या एका ठरावीक सुराला तोच स्पीकर तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो.

आता मागून लोंबणाऱ्या त्या दोन तारा. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही, मग कुठला स्पीकर लावू, हा तुझा खरा प्रश्न. ‘कुठलाही लाव, वाजतो’ असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. वाजतो हे खरंच आहे, पण जुळतोच असं नाही.

वॉल्वला व्होल्ट भरपूर लागतात, करंट चिमूटभर. स्पीकरचं उलटं. मधल्या आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला, आम्ही त्याला ओटी म्हणायचो, स्वतःचे ओहम म्हणून काही नसतात. समोर स्पीकर ठेवशील तोच तो मोठा करून वॉल्वला दाखवतो. किती मोठा, ते वेढ्यांवर. वॉल्वकडे 25 वेढे आणि स्पीकरकडे एक, असं प्रमाण असेल तर व्होल्ट 25 पट उतरतात आणि करंट 25 पट चढतो. दोन्ही एकदम होतं, म्हणून ओहम 25 पट नाही, 25 गुणिले 25, म्हणजे 625 पट दिसतात. आठ ओहम लावलेस की वॉल्वला पाच हजार दिसले. ईएल-84 एकटा असेल तर त्याला 250 व्होल्टवर पाच हजाराच्या जवळपासच हवे असतात. त्याच्या माहितीपत्रकात 5,200 आहेत. हा वर्ग मला कुणी शिकवला नव्हता. मी सहा वर्षं साधा भागाकार करत होतो आणि उत्तर का जुळत नाही म्हणून मीटर आपटत होतो.

लाउडस्पीकरचं मशीन भाड्याने द्यायला लागलो तेव्हा मी विशीत होतो. शारंगधर बालाजीच्या उत्सवात, लग्नात, कीर्तनात तेच एक मशीन जायचं: दोन ईएल-34 वॉल्व, 50 वॉट, मागे शंभर व्होल्टची लाइन. शंभर व्होल्ट कशाला, तर तारेसाठी. आठ ओहमवर 50 वॉट द्यायचे तर अडीच अँपिअर वाहतात, शंभर व्होल्टवर अर्धा अँपिअरच. करंट पाचपट कमी झाला की तारेत जळून जाणारा भाग 25 पट कमी होतो. मग गावभर बारीक तार ओढली तरी चालते. प्रत्येक भोंग्याला त्याचा छोटा मॅचिंग ट्रान्स्फॉर्मर, दहा वॉटवर लावलेला, म्हणजे हजार ओहम. असे पाच भोंगे लाइनवर टाकले की दोनशे ओहम, आणि मशीनलाही नेमके तेवढेच हवे.

लोणारच्या बाजूला एका लग्नात तार कडुनिंबावरून नेली होती. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कडब्याने भरलेली बैलगाडी खालून गेली आणि तार घेऊन गेली. मला दिसलं नाही. आवाज बंद पडला एवढंच कळलं, म्हणून मी व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. खाली वाकून कान लावला तर मशीनच्या पेटीतून बारीक आवाजात मंगलाष्टकं येत होती. भोंगे मुके, आणि ट्रान्स्फॉर्मरच्या पत्र्या भटजींच्या आवाजात बोलत होत्या! मी खुळ्यासारखा ऐकत बसलो. मग वॉल्वच्या सॉकेटमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पायांमध्ये निळी ठिणगी उडाली, लाखेचा वास आला, आणि संपलं. लग्न मात्र माइकशिवाय लागलं. भटजींचा गळा चांगला होता.

तार तुटली की ओझं जातं, पण वॉल्व करंट ढकलत-ओढत राहतो. तो ट्रान्स्फॉर्मरला कुठे तरी काढावाच लागतो. वॉल्वच्या प्लेटवर व्होल्टेज हजाराच्या वर उसळतं आणि सगळ्यात कमकुवत जागा शोधतं. तुझ्या कॉलेजात ट्रान्झिस्टरची मशीनं पाहिली असतील, त्यांचं याच्या उलट. त्यांना शॉर्ट सोसत नाही, उघडी तार सोसते. वॉल्वच्या मशीनला उघडी तार कधी ठेवू नकोस. चुकीचा स्पीकर लाव, पण लाव.

तो जळलेला ओटी मी दुसऱ्या गावी वाइंडिंगला दिला. माणसाने वेढे मोजून बरोबर भरले, प्रमाण अगदी तेच. पण आधी सगळे प्लेटचे वेढे एका गठ्ठ्यात आणि वर सगळे लाइनचे. मूळच्यात ते थराआड थर होते. मशीन वाजलं, पण झांजा ऐकू येईनात. मृदंग आला, झांज नाही, असं कीर्तन लोकांनी तीन वर्षं ऐकलं आणि कुणी तक्रार केली नाही. मला अजून लाज वाटते.

तुझ्या ओटीचं मोजमाप असं कर. पिन काढ. मोठे कंडेन्सर बंद मशीनमध्येही चावतात, म्हणून दहा हजार ओहमच्या पाच वॉटच्या रेझिस्टन्सने त्यांना आधी रिकामं कर आणि मीटर लावून खात्री कर. ओटीची प्लेटकडची आणि एचटीकडची, म्हणजे मोठ्या व्होल्टकडची, अशा दोन्ही तारा सोडव. त्या दोन तारांना वेगळ्या छोट्या ट्रान्स्फॉर्मरचे सहा व्होल्ट एसी दे. उलट बाजूने देऊ नकोस, पलीकडे दीड-दोनशे निघतील. मग स्पीकरच्या तारांवर मीटर दोन व्होल्टच्या रेंजवर ठेव. समज, देताना 6.3 आहेत आणि पलीकडे 0.18 आले. भागाकार 35, वर्ग 1,225. चार ओहमला 4,900. म्हणजे ओटी चारचा.

माझा अंदाज तोच आहे, रेडिओग्रामचे स्पीकर बहुधा तीन ते पाचचे असायचे. त्याला तुझा एकटा आठचा लावलास तर वॉल्वला 9,800 दिसतील. काही जळणार नाही, पण आवाज लवकर फाटेल आणि मोठ्याने वाजवलंस तर वॉल्वमधली स्क्रीन ग्रिड तापेल. तुझ्याकडे दोन आहेतच, दोन्ही समांतर जोड, लाल लालला आणि काळी काळीला. चार झाले.

आणि 0.18 ऐवजी 0.25 आले, तर माझा अंदाज चुकला. एकच जोड, आणि दुसरा मला पाठव. इथल्या रेडिओचा कोन उंदराने खाल्लाय.

तुझा,
आबा